बोटातून जाणारा माणूस

अंगठीच्या माथ्यावर एक निळं दार, वाटाण्याएवढं.
त्यात एक माणूस शिरतोय.
कमरेपर्यंत आत गेलाय,
मागे उरलेत दोन पाय
आणि कोटाचं वाऱ्यावर उडालेलं टोक.

आता हात उलटा करा.
तळहाताच्या बाजूला दुसरं दार,
त्यातून त्याचं डोकं बाहेर आलंय, टोपीसकट,
टोपीत एक अंडं उकडतंय.

मधलं धड तुमच्या बोटात.

मी झुझुना. तिबिलिसीत, सोलोलाकीच्या उतारावर
तळघरात माझी भट्टी.
खिडकीतून फक्त जाणाऱ्यायेणाऱ्यांचे बूट दिसतात,
म्हणून असेल, माझ्या चांदीत पाय फार.

लामारा आली तीही आधी बुटांनीच.
मग काठी, मग सात पायऱ्या, मग ती.
चाळीस वर्षं लोकांचे पियानो जुळवले,
आता बोटांची पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी.
लग्नाची अंगठी ब्याण्णवच्या हिवाळ्यात विकली म्हणाली,
दोन डबे रॉकेलला.
त्या रात्री स्टोव्हवर बटाटे उकडले
तर ओतिया म्हणतो, बघ, सोनं किती मऊ शिजलंय.

द्राक्षं उतरायच्या दिवसांत तो गेला.

"फुलं नकोत. क्रॉस नको. नावंबिवं नकोत.
गंभीर माणूस नव्हता तो.
एकदा किल्ली आत विसरला आणि
शेजारणीच्या न्हाणीघराच्या खिडकीतून घुसायला गेला.
अडकला वीस मिनिटं.
डोकं तिच्याशी गप्पा मारत होतं,
पाय माझ्याशी."

मग मी बसले.
केसाएवढी चांदीची तार, चिमट्यानं वळवून चौकट.
काचेची पूड पाण्यात खलून
हंसाच्या पिसाच्या टोकानं कप्प्याकप्प्यात भरली.
निळा शहाणा, पहिल्या आचेला बसला.
कोटाच्या हिरव्यानं दोनदा फेऱ्या मारायला लावल्या.
लाल मात्र मानी.
चार सेकंद इकडेतिकडे झाले की रुसतो,
आणि नेमके तेव्हाच खिडकीशी कुणाचे तरी
पिवळे बूट थांबले. मी वर बघितलं. एवढंच.

डावा मोजा लालभडक.
उजवा करपलेल्या कांद्याच्या रंगाचा.

"खरवडून पुन्हा भरते," मी म्हटलं, "आठवडा द्या."
तिनं भिंग डोळ्याला लावलं.
बराच वेळ काहीच नाही.
मग आधी नाकात हसली, मग खोकली, मग खुर्ची मागितली.
"तुला कुणी सांगितलं?
कधी जोडीचे मोजे घातले नाहीत त्यानं.
चाळीस वर्षं तोंड दुखलं माझं.
शवपेटीत मात्र मी जोडीचे घातले.
नवे, करडे. इस्त्री केलेले."

मी भट्टीचं दार उगाच उघडून बंद केलं.

पेर काही अंगठीला ओलांडू देईना.
भांड्याचा साबण आणला, बोट माखलं,
दोघींनी दम धरला,
आणि किंचित कुईं करून माणूस आत गेला.
लामारानं तळहात तोंडाजवळ नेला.
"आत गरम आहे का रे?"
पैसे मोजून दिले, दोन नोटा जास्त,
परत केल्या तर काठीनं टेबल ठोकलं.

पायऱ्या. मग खिडकीत तिचे बूट.
बूट गेले नाहीत.
हळूहळू एक हात खाली आला
आणि अंगठीनं काचेवर टक् केलं,
कान देऊन, पियानोला करतात तसं.
आवाज जरा उतरलेला होता, मलासुद्धा कळला.
तिनं पुन्हा एकदा टक् केलं
आणि तसाच राहू दिला.

टोपीतल्या अंड्याबद्दल तिनं विचारलंच नाही.
विचारलं असतं तरी
मला कुठे माहीत होतं.